अनुभव धागा: 'कार्टूनच तर आहे' म्हणून लावून दिलं, अन् लेकरू घाबरलं

संत्राबर्फी (धागाकर्ती)
सुट्ट्या लागल्या की नागपुरात दुपारी अकरा ते पाच लेकरांना बाहेर सोडायची सोय नसते. मग घरात टीव्ही, नाहीतर मल्टिप्लेक्सचा गारवा. दर वर्षी तीच तक्रार कानावर येते: कार्टून होतं म्हणून लावून दिलं अन् पोट्टं रात्रभर झोपलं नाही. इथे थिएटरात काम करणारे, बालवाडीच्या ताई, टीव्ही-साउंडबार बसवून देणारे, समुपदेशक असे सगळे आहेत. 'आमच्या चिंटूचं काय झालं' ते नको, ते सगळ्यांना पाठ आहे. काय तपासायचं, कोणतं बटण, किती मिनिटं, कुठे चुकतं अन् काहून चुकतं, तेवढं लिहा.

तिकीटखिडकी
सगळ्यात जास्त घोळ सेन्सॉर बोर्डाच्या सर्टिफिकेटचा, म्हणून तिथूनच सुरू करतो. १९८३ पासून आपल्याकडे चार प्रकार: यू (सगळ्यांसाठी), यूए, ए (फक्त प्रौढांसाठी) आणि एस (डॉक्टरांसारख्या ठरावीक गटांसाठी). यूएचा जुना अर्थ, १२ वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा. २०२३ च्या कायदादुरुस्तीने त्याचे तीन तुकडे केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. बुकिंग करताना चित्रपटाच्या नावाजवळ बारीक अक्षरात असतं, ते आधी वाचा.

आता मेख. हे आकडे पालकांसाठी सल्ला आहेत, बंदी नव्हे. 'ए' असेल तर १८ खालच्याला दारावरून परत पाठवतात. 'यूए १३+' ला चार वर्षांचं लेकरू कडेवर घेऊन आलात तर अडवायला नियम नाही. म्हणजे 'आत सोडलं ना, मग चालत असेल' हा हिशोब चूक.

२०१६ साली 'द जंगल बुक'ला यूए मिळालं तेव्हा देशभर थट्टा झाली. आपल्या शेजारच्या सिवनीच्या जंगलातली, ज्याच्या नावाने पेंचला गाड्या भरभरून जातात त्या मोगलीची गोष्ट, अन् तिला यूए! पण थ्रीडी चष्मा लावलेल्या पाच वर्षांच्या पोरावर वाघ झेप घेतो, तेव्हा त्याला ती पुस्तकातली गोष्ट राहत नाही. थट्टा करणाऱ्यांपेक्षा बोर्डाचं म्हणणं मला जास्त पटलं, आणि बोर्डाबद्दल असं मी फार वेळा म्हणत नाही.

रीळ अन् दिवा
तिकीटखिडकी दादांच्या मुद्द्याला जोड. हा गोंधळ आपल्याकडचाच नाही. 'वॉटरशिप डाउन' हा सशांवरचा ब्रिटिश ॲनिमेशनपट १९७८ चा. त्याला तिकडे 'यू' मिळालं. परीक्षकांचा तर्क असा, की हे रेखाटलेलं आहे, तेव्हा रक्त दिसलं तरी गोष्ट संपल्यावर मुलांच्या मनात राहणार नाही. पुढची चाळीसेक वर्षं पालकांच्या तक्रारी येत राहिल्या, आणि शेवटी २०२२ मध्ये त्याचं 'पीजी' (पालकांच्या मार्गदर्शनाखाली) झालं. चूक नेमकी त्या तर्कात होती. रेखाटलेलं म्हणजे खोटं, हे मोठ्यांना कळतं. चार वर्षांच्या मुलाला ससा म्हणजे ससाच, त्याला लागलं म्हणजे लागलंच.

दुसरं उदाहरण जपानचं. १९८८ साली एकाच स्टुडिओचे दोन चित्रपट जोडीने थिएटरांत लागले: 'माय नेबर टोटोरो' आणि 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. एक गुबगुबीत वनदेवतेचा, दुसरा युद्धात उपाशी मरणाऱ्या भावंडांचा. स्टुडिओचं नाव तेच, चित्रांची जातकुळीही जवळची. म्हणून 'त्यांचा आधीचा छान होता' एवढ्यावर पुढचा लावू नका. ॲनिमेशन हे साधन आहे, वयोगट नाही.

आणि मरणं कार्टूनमध्ये कमी असतात असं वाटत असेल तर तेही खरं नाही. २०१४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४५ गाजलेले मुलांचे ॲनिमेशनपट आणि मोठ्यांचे ९० चित्रपट शेजारी ठेवून बघितले होते. महत्त्वाचं पात्र पडद्यावर मरतं असे मोठ्यांच्यात निम्मे निघाले, मुलांच्यात दोनतृतीयांश. त्यात आईबाप फार जातात. कारण उघड आहे, आईबाप घरी असतील तर पोरगं जंगलात एकटं जाईल कशाला? गोष्टच सुरू होणार नाही.

तर्रीपोहे
आपण सगळे राक्षस अन् हडळीच्या गोष्टी ऐकूनच मोठे झालो ना बाप्पा. आताच्या लेकरांचं एवढं काय कौतुक?

अंगणवाडीच्या ताई
तर्रीपोहे भाऊ, ऐकण्यात अन् बघण्यात फरक आहे, अन् तो मोठा आहे. 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' मध्ये कोल्हा, वाघ म्हातारीला खायलाच निघालेले असतात. पण तो वाघ लेकराच्या मनात जेवढा मोठा मावेल तेवढाच होतो. आजी चेहरा बघून आवाज चढवते, उतरवते. लेकरू आकसलं की म्हातारी लगेच भोपळ्यात बसते. पडद्यावरचा वाघ सगळ्यांसाठी एकाच मापाचा असतो, अन् तो कोणासाठी थांबत नाही.

वयाचा ढोबळ हिशोब असा. तीन ते सहा-सातच्या लेकरांना *दिसण्याची* भीती वाटते: वाकडा चेहरा, लाल डोळे, दात, अंधार, अन् ओळखीचा चेहरा बदलणं. हे शेवटचं सगळ्यात वाईट. प्रेमळ आजी एकाएकी चेटकीण होते, ते दृश्य. 'ती मुळात चांगलीच आहे' हे समजावून उपयोग नसतो, कारण या वयात जे दिसतं तेच खरं. अमेरिकेतल्या जोआन कँटर या संशोधिकेने हे मुलांना 'हल्क' दाखवून तपासलं होतं. छोटी पोरं माणसाचा हिरवा राक्षस झाल्यावर घाबरली. मोठ्या पोरांना तो वाचवायला आलाय हे कळत होतं, त्यांना तेव्हा हायसं वाटलं. आठच्या पुढे उलटं होतं. राक्षसाचं काही वाटत नाही, पण घराला आग, आईबाबांचं भांडण, हरवणं, आजारपण हे झोंबतं.

मरणाचंही तसंच. पाच वर्षांखालच्या बहुतेकांना मेलेलं परत येत नाही हे पुरतं उमगलेलं नसतं, म्हणून ते 'मग ती कधी उठेल?' विचारत राहतात. पाच ते सातच्या दरम्यान ते उमगायला लागतं, अन् तेव्हाच तोच चित्रपट, आधी हसत बघितलेला, एकदम रडवतो. 'गेल्या वर्षी तर काही झालं नाही' म्हणून गाफील राहू नका.

साउंडबार_प्रतापनगर
मी आवाजाचं बोलतो, कारण घाबरणं अर्धं कानातून होतं आणि नागपुरात त्याला एक खास कारण आहे: कूलर.

मे महिन्याची दुपार. वाळ्याच्या ताट्या ओल्या, पडदे ओढलेले, खोलीत अंधार. कूलर फुल स्पीडवर. त्यात कार्टूनमधली कुजबुज ऐकू येत नाही म्हणून टीव्हीचा आवाज १५ वरून ३५ वर नेला जातो. चित्रपटाच्या साउंडट्रॅकमध्ये हळू संवाद आणि मोठा धमाका यांत जाणूनबुजून खूप अंतर ठेवलेलं असतं. तुम्ही संवादासाठी आवाज वाढवला, पण त्यासोबत धमाकाही तेवढाच वाढला. पाच मिनिटांनी ड्रॅगन ओरडतो आणि सोफ्यावरचं लेकरू कापतं. दोष ड्रॅगनचा कमी, रिमोटचा जास्त.

यावर उपाय: टीव्ही किंवा साउंडबारच्या साउंड सेटिंगमध्ये 'नाइट मोड' शोधा. तो हळूला वर आणि मोठ्याला खाली आणतो. नसेल तर 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' नावाचा मोड असतो, तो लावा. वेगळा सबवूफर (जाड, खोल आवाजाचा स्पीकर) असेल तर त्याचा प्लगच काढा, घरघर आणि छातीत होणारी धडधड तिथून येते. कूलर एक पायरी खाली, पंखा सुरू. आणि टीव्हीच्या मागे एक छोटा दिवा लागलेला ठेवा. काळोख्या दृश्यात पूर्ण खोली काळी झाली नाही की निम्मा जोर तिथेच जातो.

तिकीटखिडकी
थिएटरचं सांगून टाकतो. हॉलची यंत्रणा जुळवताना पडद्यामागच्या स्पीकरच्या एकेका चॅनलला ८५ डेसिबल धरतात आणि वर २० ची जागा ठेवतात, म्हणजे धमाका १०५ पर्यंत जाऊ शकतो. बरेच हॉल याहून कमीवर चालवतात, पण भरवसा नको. छोट्यांसाठी कानांवर बसणारे इअरमफ घ्या. कानात घालायचे फोमचे बोळे लहानग्यांना नको, काढून तोंडात टाकतात. सीट मधल्या रांगांच्या मागे, पण कडेची, रस्त्यालगत. अगदी भिंतीजवळची नको, तिथे बाजूचा स्पीकर डोक्यावर असतो.

थ्रीडीत घाबरलं म्हणून चष्मा काढला तर चित्र दुहेरी, भुतासारखं दिसतं, अजून बिघडतं. साधा टूडी शो बघा, तिकीटही स्वस्त. आणि पहिली दहा मिनिटं चुकवायला हरकत नाही. कित्येकदा मूल मुख्य चित्रपटाला घाबरत नाही, आधीच्या ट्रेलरला घाबरतं.

डिशवाला दादा
घरच्या सेटिंगबद्दल. ओटीटीवरचं वयाचं लेबल तो प्लॅटफॉर्म स्वतः लावतो, २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे. यू, यूए ७+, १३+, १६+ आणि ए. यूए १३+ आणि त्यावरच्यांना पालकांचं कुलूप देणं त्यांना बंधनकारक आहे. कुलूप *देणं*. लावायचं तुम्हालाच आहे, अन् दहापैकी नऊ घरांत ते लावलेलं नसतं, हा माझा अंदाज.

नेटफ्लिक्सवर खात्याच्या सेटिंगमध्ये लेकराच्या प्रोफाइलला वयाची मर्यादा घाला. तिथेच एखादा चित्रपट नाव टाकून कायमचा बंद करता येतो. लोकांना हे माहीतच नसतं. मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन लावा, नाहीतर लेकरू एक घर बाजूला सरकून तिथेच जातं. प्रीव्ह्यू आपोआप सुरू होतात ते बंद करा. लेकरांना धडकी भरवणारं चित्र पुष्कळदा तिथलंच असतं, कोणी न लावता लागलेलं.

यूट्यूब किड्समध्ये तीन गट आहेत: चारपर्यंत, पाच ते आठ, नऊ ते बारा. त्याहून पक्का पर्याय 'मी मंजूर केलेलंच' हा. पंधरा-वीस चॅनल स्वतः निवडा आणि शोध बंद करा. शोध चालू ठेवला तर बाकी सगळं वाया. २०१७ मध्ये 'एल्सागेट' म्हणून जे गाजलं ते लक्षात ठेवा: ओळखीच्या कार्टूनचे चेहरे, आत इंजेक्शनं, रक्त, मारहाण. थंबनेल मात्र गोड गुलाबी. साध्या यूट्यूबवर 'मुलांसाठी' ही खूण २०२० पासून सक्तीची आहे, पण ती व्हिडिओ टाकणारा लावतो, आशय तपासून कोणी दिलेली पावती नाही ती.

गच्चीवरचा प्रोजेक्टर
सोसायटीत उन्हाळी शिबिराला चित्रपट दाखवणाऱ्यांसाठी. तीन ते चौदा वर्षांची पोरं एका सतरंजीवर, अन् सगळ्यात लहान सगळ्यात पुढे, ही नेहमीची मांडणी. हीच उलटी करा. १०० इंची पडदा जवळजवळ सव्वादोन मीटर रुंद असतो. दीड मीटरवर बसलेल्या पोराला त्यातलं तोंड स्वतःएवढं दिसतं. छोट्यांना चार मीटर मागे, जिन्याच्या दाराजवळ, एका काकूंसोबत बसवा, म्हणजे गपचूप उठता येतं.

आधी २०-२५ मिनिटांचं साधं कार्टून, मग आईस्क्रीम, मग छोटे घरी आणि मोठ्यांचा चित्रपट. मेसेजमध्ये नाव, सर्टिफिकेट आणि किती वाजता काय ते लिहा. फक्त 'बच्चेकंपनीसाठी धमाल' लिहिलं की सगळे भांडायला मोकळे.

आधी पूर्ण बघायला वेळ नसेल तर ९५ मिनिटांच्या चित्रपटातले तीन तुकडे बघा: पहिली १२ मिनिटं, कारण आईबाप तिथेच जातात, ६५ ते ७५ मिनिटं, जिथे 'आता सगळं संपलं' असं होतं, आणि शेवटची लढाई. एकदा आवाज बंद करून बघा, छोट्यांना तसंच दिसतं. मग पाठ फिरवून नुसतं ऐका.

महालकर
थोडं विषयांतर. तान्ह्या पोळ्याला आपल्याकडे काळी मारबत, पिवळी मारबत निघते. १८८० च्या दशकापासूनची प्रथा. एवढाले अक्राळविक्राळ पुतळे, अन् खांद्यावर बसलेली पोरं टाळ्या पिटतात. काहून? भर दिवसा, बापाच्या खांद्यावर, आजूबाजूला हजारो लोक 'इडा पिडा घेऊन जा गे मारबत' ओरडतात, अन् शेवटी ती जळते. भीतीला शेवट आहे. अर्ध्यात बंद केलेल्या चित्रपटात राक्षस जिवंतच राहतो.

अंगणवाडीच्या ताई
महालकर काका, अगदी बरोबर. फक्त एक अट. 'बस, थांब शेवटपर्यंत' म्हणून जबरदस्तीने बसवू नका. उठू म्हणालं की उठायचं, तिकिटाचे पैसे विसरायचे. दुसऱ्या दिवशी उजेडात, नाश्त्याच्या वेळी, शेवट तोंडी सांगा. वाटलं तर फक्त शेवटची पाच मिनिटं दाखवा, आवाज कमी करून.

घाबरल्याक्षणी सातच्या खालच्यांना शब्द नकोत, कृती हवी. दिवा लावा, मांडीवर घ्या, घोटभर पाणी, हातात ओळखीचं खेळणं. 'ते खरं नसतं' हे वाक्य आठच्या पुढे चालतं. सकाळी राक्षसाचं चित्र काढायला लावा अन् त्याला गांधीटोपी घाला, गजरा माळा, लेकराला सुचेल ते. आणि जेवताना 'घास घे, नाहीतर तो येईल' हे म्हणू नका. दोन मिनिटांचं दृश्य महिनाभर पुरवायचा तो सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे.

रात्रपाळी
रात्रीच्या किंकाळीचे दोन प्रकार असतात, ते वेगळे ओळखा. वाईट स्वप्न बहुतेक पहाटेकडे येतं. लेकरू जागं होतं, बिलगतं, काय दिसलं ते सांगतं. त्याला जवळ घ्या. दुसरा प्रकार झोप लागल्यावर पहिल्या तासा-तीन तासांत: डोळे उघडे, घाम, ओरडणं, पण ते झोपेतच असतं, तुम्हाला ओळखत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. त्याला हलवून जागं करू नका. पडणार नाही एवढं बघा, काही मिनिटांत शांत होतं. याचं खापर दर वेळी कार्टूनवर फोडू नये, अपुरी झोप आणि तापही कारण असतो.

दोन-तीन आठवडे होऊनही एकटं झोपायला, शाळेत जायला नकार असेल, किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

डिशवाला दादा
एक राहिलंच. पिन लेकराच्या जन्मसालाचा ठेवू नका. पाच वर्षांचं पोट्टं पहिले तोच टाकून बघते.