मदत हवी आहे: मानशीवरच्या सेन्सरची बॅटरी पावसाळा काढेल का?

नमस्कार मंडळी. गोव्यात चोडण बेटावर आमच्या खाजनाच्या (खाडीकाठची बांध घातलेली भातशेती) मानशीपाशी (बांधातलं भरतीचं पाणी अडवणारं दार) पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर बसवायचा आहे. उधाणाच्या भरतीला दार नीट मिटलं नाही तर खारं पाणी थेट भातात शिरतं, म्हणून याची निकड आहे. तिथे वीज नाही. माडांच्या सावलीत सोलर पॅनेलवर, त्यातही जून ते सप्टेंबर, विसंबावंसं वाटत नाही.

हिशोब असा: दर 15 मिनिटांनी 4 सेकंद जाग, तेव्हा सरासरी 60 मिलिअँपिअर. बाकी वेळ झोप, 50 मायक्रोअँपिअर. म्हणजे सरासरी साधारण 0.32 मिलिअँपिअर. 3000 मिलिअँपिअर-तासांची 18650 (लिथियम-आयन) बॅटरी कागदावर तेरा महिने जाते. 70 टक्केच क्षमता धरली तर नऊ.

ही 30 टक्क्यांची सूट पुरेशी आहे का? बॅटरीची आपोआप होणारी झीज, आणि दमट खाऱ्या हवेने बोर्डावरून झिरपणारा करंट, हे तुम्ही हिशोबात कसे धरता? मला या झिरपणाऱ्या करंटचीच जास्त काळजी आहे, कारण झोपेतले 50 मायक्रोअँपिअरचे 200 झाले तर नऊ महिन्यांचे जेमतेम सहाच उरतात.

त्याऐवजी लिथियम थायोनिल क्लोराइड सेल (एकदाच वापरायचा, आपोआप झीज फार कमी असलेला) घ्यावा का? बराच काळ निष्क्रिय राहिल्यावर माहिती पाठवणारा रेडिओ सुरू होताच त्याचा व्होल्टेज खाली बसतो. तो धक्का झेलायला सोबत कपॅसिटर लावणाऱ्यांनी किती क्षमतेचा लावला, तेही सांगा.

ओहोटीत मोजणी विरळ करायचा विचार आहे. किनाऱ्यावर असं काही प्रत्यक्ष चालवलेल्यांनी कृपया मोजलेले आकडे द्यावेत.