जपानी धान आपल्या बांधीत गुडघ्याएवढाच काऊन होते?

झाडीपट्टी_धानवाला:
राजेहो, अर्जुनी मोरगावकडून विचारून राहिलो. आमच्याकडे दरवर्षी एचएमटी वाणाचा धानच असतो, यंदा एका कोपऱ्यात कोशिहिकारी, म्हणजे जपानी चिकट तांदूळ, त्याचे पऱ्हे रोवले. खत-पाणी सगळं बाजूच्या धानासारखंच, तरी गुडघ्याखालीच लोंब निघाली, फुटवे कमी अन् दाणे नावालेच. एचएमटी तेव्हा पोटरीत पण नव्हता. रोग काहीच दिसत नाही, मग असं काऊन?

साकोलीचा_पोट्टा:
दादा, भात म्हणजे लहान दिवसाचं पीक, दिवस लहान असला की लवकर फुलोऱ्यावर येते. जपानात निगाताकडे जूनमध्ये दिवस पावणेपंधरा तासांचा असतो, आपल्याकडे साडेतेराच्या आतच, वरून आपली गरमी, त्यामुळे पानं-फुटवे व्हायच्या आधीच तो निसवते, म्हणजे लोंब टाकते. उन्हाळी धानात तर लावूच नका, फुलोऱ्यात पारा ३५ च्या वर गेला की पोचट वाढते.
तैवानात हेच झालं होतं. जपानी राजवटीत जपानचा भात तिथं नेला तर असाच लवकर निसवायचा. इसो एकिची अन् सुएनागा मेगुमु या जपानी संशोधकांनी आधी कोवळे पऱ्हे लावून पाहिले, त्यानं फरक पडला, मग कामेजी अन् शिनरिकी या दोन जपानी वाणांच्या क्रॉसमधून ताईचुंग ६५ काढला. लहान दिवसात फुलोरा ओढून आणणारी दोन जनुकं त्यात निकामी आहेत, म्हणून तो आधी अंगानं वाढते. मले तर हे काम फार मोठं वाटते.

झाडीपट्टी_धानवाला:
मग एचएमटीसोबत क्रॉस करून पाहू का?

बांधीवरचा_काका:
बाबू, जापोनिका (कोशिहिकारीसारखा जपानी धान) अन् इंडिका (एचएमटीसारखा आपला धान) यांचा क्रॉस केला की पहिल्याच पिढीत लोंबी बरीच पोचट निघते. १९५० च्या दशकात कटकला असे शेकडो क्रॉस झाले अन् हाती मोजकेच वाण लागले. त्यातलाच मलेशियाचा माहसुरी, त्यात ताईचुंग ६५ आहे, अन् माहसुरीपासून पुढं आपला बीपीटी ५२०४ झाला, म्हणजे थोडा जपानी धान आपण कवाचाच खाऊन राहिलो. शेतकरी दादाजी खोब्रागडेंनी एचएमटी काढला तो पटेल ३ या वाणाच्या बांधीत वेगळ्या लोंब्या दिसल्या म्हणून, तुझ्या कोशिहिकारीत तसा फरक असलाच तर निवडशील ना.

साकोलीचा_पोट्टा:
काका बरोबर आहे. चिकट तांदूळच पाहिजे असन तर इंडिका मधात आणूच नका. फिलिपिन्समध्ये इरीनं, म्हणजे आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं, कोरियाच्या दोन जापोनिका वाणांचा क्रॉस केला अन् निवड तिथल्याच गरमीत केली, त्यातून एमएस ११ हा वाण आला, २००८ मध्ये तिथं प्रसारित झाला. दादा, सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रात जाऊन असलं बियाणं चाचणीले मिळते का ते विचारा, अन् जाताना ती बुटकी झाडं मुळासकट घेऊन जा.