प्रति: गरम पाण्याची लाईन बंद कशी करायची
पाइप दुरुस्तीआधी गच्चीवरच्या थंड पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला की गरम पाणीही थांबते, असं वर कुणी लिहिलंय; ते गिझरपुरतं बरोबर आहे. सोलर वॉटर हीटरचं तसं नाही. त्याच्या टाकीचा एअर व्हेंट (हवा ये-जा करायची नळी) उघडा असतो, म्हणून थंड पाणी तोडलं तरी आउटलेटच्या (गरम पाणी बाहेर पडायच्या तोंडाच्या) वरचं कढत पाणी खाली येतच राहते. आउटलेटवर, व्हेंटच्या पुढे, पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक) बॉल व्हॉल्व्ह हवाच. गेट व्हॉल्व्ह नको. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं क्षार धरून तो अर्धवटच फिरतो. व्हेंटवर मात्र चुकूनही व्हॉल्व्ह बसवू नका.

आणखी एक. गरम बंद करूनही कापलेल्या पाइपातून धार लागली, तर मिक्सर (गरम-थंड पाणी एकत्र देणारा नळ) तपासा. दोन्ही चाव्या उघड्या राहिल्या की थंड पाणी त्यातून गरम लाईनीत शिरते, आणि ओल्या पाइपावर सोल्युशन (पाइप जोडायचा चिकटा) काय धरणार! काम सकाळी उरका. काचेच्या नळ्यांचं सोलर भर उन्हात कोरडं पडलं अन् एकदम थंड पाणी सोडलं, तर नळ्या तडकतात. वेळ लागणार असेल तर नळ्यांवर ताडपत्री टाका, पाणी संध्याकाळी सोडा.