मदत हवी आहे: मांडवीच्या पाण्याचा वेग व्हिडिओवरून कसा काढू?

नमस्कार मंडळी. गोव्यात मांडवी नदीवर, रायबंदरच्या फेरी धक्क्यावरून मोबाईलने ओहोटीच्या पाण्याचा व्हिडिओ घेतलाय, सेकंदाला 30 फ्रेम. ओपनसीव्ही या चित्रं तपासायच्या सॉफ्टवेअरमधली लुकास-कानाडे पद्धत (1981 ची, एका फ्रेममधून पुढच्या फ्रेममध्ये ठिपके किती सरकले ते काढणारी) वापरून पाण्याचा वेग काढायचा प्रयत्न चाललाय.

ही पद्धत असं धरून चालते की एखाद्या ठिपक्याचा उजेड पुढच्या फ्रेममध्ये तसाच राहतो, फक्त जागा बदलते. मांडवीवर नेमकं तेच होत नाही. ऊन लाटांवर चमचमतं, एक चमक विझते, दुसरी भलतीकडेच पेटते, आणि ठिपक्यांची हालचाल दाखवणारे बाण चहूकडे पळतात. मी नारळाचं सोडण पाण्यात टाकून पाहिलं. 10 मीटर जायला त्याला 12 सेकंद लागले. त्या सोडणावरचे बाण अगदी सरळ, एका दिशेने. पण पूर्ण चित्राची सरासरी काढली की वेग निम्म्याहून कमी येतो.

कॅमेरा तिरका असल्याने लांबच्या एका पिक्सेलमध्ये जास्त पाणी मावतं. ते धक्क्याजवळचे चार मोजलेले बिंदू घेऊन होमोग्राफीने (तिरकं चित्र वरून पाहिल्यासारखं सरळ करणारं गणित) सुधारलंय, तिथे अडचण नाही.

अडलंय ते चमकेपाशी. अति उजळ पिक्सेल आधीच झाकून टाकू, की बाण पुढे नेऊन परत मागे आणून जे मूळ जागी येत नाहीत ते गाळू? की सरळ चौकोनी तुकडे जुळवायची पद्धत घेऊ? पोलरायझर (पाण्यावरची चकाकी कमी करणारा फिल्टर) लावून कुणी नदी चित्रित केली असेल तर कृपया नक्की सांगा. पावसाळ्यात पाणी गढूळ होण्याआधी मला हे मोजमाप पुरं करायचंय.