जुन्या वाड्यातली रहस्यकादंबरी फक्त गोडच का असावी?

तिन्हीसांजा

१९५५ ते १९६५च्या दरम्यानचं पुणं, पेठेतला भाडेकरूंनी भरलेला वाडा, चार-पाच मुलांची टोळी आणि एक न उलगडलेलं गूढ. सांगणारा आता पिकल्या केसांचा, तेव्हा दहा वर्षांचा. मोठ्यांसाठी लिहिलेली अशी कादंबरी मला कधीही वाचायला द्या, मी हातातलं काम टाकून बसेन. तरीही या प्रकारच्या लिखाणाबद्दल माझी एक तक्रार आहे.

अशा कथांमध्ये वाडा नुसता सजावटीला असतो. पितळी बंब, अंगणातली पारिजात, गौरी-गणपती, आजीच्या हातची आमटी. गूढ मात्र कुठल्याही इमारतीत घडलं असतं तरी चाललं असतं. वास्तविक वाड्याइतकी रहस्याला अनुकूल जागा दुसरी नाही. दिंडी दरवाजा रात्री आतून कडी लावून बंद. भिंतीत धान्याची बळदं, ज्यांत दहा वर्षांचं पोर सहज मावतं. चौकातला आड. आणि पायाखाली कात्रजच्या तलावातून पाणी आणणारा पेशवेकालीन नळ, ठिकठिकाणी उच्छ्वास म्हणजे हवेसाठी वर उघडणारी धुराडी ठेवलेला, माणूस आत शिरू शकेल एवढा. काळा हौद, फडके हौद, साततोटी हौद ही नावं त्याच पाण्याची. या नळातून शनिवारवाड्यापर्यंत जाता येतं, असं त्या काळच्या प्रत्येक पेठेतल्या मुलांना ठाम ठाऊक होतं.

आता मुख्य मुद्दा. रहस्यकथा एक प्रश्न सोडत नाही: त्या रात्री कोण कुठे होतं आणि कोणी काय पाहिलं? हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर वाड्याच्या मागच्या बोळातही जावं लागतं. टोपलीचे संडास साफ करायला पहाटे ज्या बायका त्या बोळातून येत, त्यांनी सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त पाहिलेलं असणार. त्यांना कोणी विचारत नाही. टोळीतली मुलं विचारत नाहीत, फौजदार विचारत नाही आणि लेखकही विचारत नाही. एक बाई रोज येते आणि पुस्तकभर कोणाला दिसतच नाही, तर ते रहस्य खोट्या पायावर उभं आहे असं मी म्हणेन.

पेठकर

तिन्हीसांजाताई, वाड्याच्या रचनेबद्दल लिहिलंत ते झकास. पुढचं मला अजिबात पटत नाही.

सांगणारा दहा वर्षांचा आहे. मी त्याच वयात तसल्याच वाड्यात होतो. आम्हाला मागचा बोळ ठाऊक होता तो फक्त 'तिकडे जायचं नाही' एवढ्यापुरता. का जायचं नाही, हे कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. मुलाच्या नजरेतून लिहायचं ठरवल्यावर त्याच्या तोंडी आजची जाण घालणं ही लबाडी आहे. वाचकाला ती लगेच कळते. मग कादंबरी राहत नाही, चौकशी आयोगाचा अहवाल होतो.

आणि तपशिलांना सजावट म्हणू नका. नीट वापरले तर तेच पुरावे असतात. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली. पुढे बराच काळ आणे आणि नये पैसे दोन्ही चालत होते. एक आणा म्हणजे सहा, दोन आणे म्हणजे बारा, तीन आणे म्हणजे एकोणीस नये पैसे. किराणावाल्याच्या वहीत जुन्या तारखेखाली '१९' असा आकडा सापडला, तर ती नोंद मागाहून घुसडली हे चौथीतला पोरगा ओळखेल. १ जून १९६४पासून 'नये' हा शब्दच गेला. दोन तारखांच्या मधलं एक नाणं सापडलं, की काळ पक्का झाला.

तीच गोष्ट सायकलच्या बिल्ल्याची. पुण्यात सायकलला महापालिकेचा बिल्ला लागे, त्यावर नंबर असे. बिनदिव्याची सायकल आणि डबलसीट यांवर पोलिसांचा डोळा. अंधारात पळालेला माणूस दिवा न लावता गेला की डायनॅमो फिरवत गेला, एवढ्यावर मी एक अख्खं प्रकरण लिहून दाखवीन. हे सगळं आठवणीतूनच येतं. म्हणून आठवणींना हीन लेखू नका.

खडकवासला

काळ १९५५ ते १९६५ घेतलात आणि दोघांनीही १२ जुलै १९६१चं नाव काढलं नाही, याचं नवल वाटलं. पानशेत!

अंबी नदीवरचं मातीचं धरण, काम अपुरं, आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यात पाणी साठलेलं. रात्रभर जवान वाळूची पोती रचत होते. बुधवारी सकाळी ते गेलं, पाणी खाली खडकवासला धरणावर आलं आणि दुपारपर्यंत तेही फुटलं. नदीकाठच्या पेठांमधले वाडे मातीच्या भिंतींचे. वरून लाकडी माळे शाबूत दिसत, खालची माती विरघळून जाई. मग गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उठल्या आणि वाड्यातले शेजारी शहरभर विखुरले.

पण लेखकांना एक विनंती. पूर हा पुरावे धुऊन टाकायचा सोपा उपाय म्हणून वापरू नका. 'पुरात सगळं वाहून गेलं, म्हणून गूढ उलगडलं नाही' हे फार स्वस्त आहे. पुराने जेवढं नेलं तेवढं उघडंही पाडलं. भिंत पडली की बळद दिसतं. ट्रंका उपसल्या, गाळातून दप्तरं निघाली, कोणाच्या घरात काय होतं ते रस्त्यावर वाळत पडलं. रहस्याची उकल पुरानंतरच्या त्या आठवड्यात घडवा.

आणि पेठकर, चौकशी आयोगाला तुम्ही कंटाळवाणं म्हणताय, पण पानशेतच्या चौकशीइतकं गूढ प्रकरण दुसरं कुठलं? पहिली चौकशी न्या. बावडेकरांकडे होती. ती पुरी होण्याआधीच त्यांनी आत्महत्या केली आणि पुढे ती न्या. नाईक यांच्याकडे गेली. त्या वर्षी दहा वर्षांच्या असलेल्या मुलाने मोठ्यांची कुजबुज नक्कीच ऐकली असणार.

गिरगावचा जिना

तुम्ही पुणेकर वाड्यात अडकलात. मला तर चाळ जास्त अवघड आणि म्हणून जास्त चांगली वाटते. वाड्यात लपायला जागा असते. चाळीत सगळ्यांची दारं एकाच गॅलरीत उघडतात, नळ एक, जिना एक. तिथे कोणी काही पाहिलं नाही हे शक्यच नाही. म्हणजे रहस्य असं होतं की सगळ्यांनी पाहिलंय आणि सगळे गप्प आहेत. का गप्प आहेत?

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस घ्या. २१ नोव्हेंबर १९५५चा गोळीबार, मग जानेवारी १९५६. गिरगावात संचारबंदी. चाळीतला एक तरुण त्या रात्री परतला नाही. तो मोर्च्यात गेला, की घरातून पळाला, की आणखी काही? हुतात्म्यांचा आकडा कुठे १०५, तर कुठे १०६ छापलेला दिसतो. ज्याच्या घरी उत्तर मिळालेलं नाही, त्याला हा एकाचा फरक कसा वाटेल?

शिवाय दारूबंदी. १९४९चा कायदा, परमिट असेल त्यालाच दारू, आणि हातभट्टीचा माल सायकलच्या ट्यूबमधून जायचा. मुलांना संशयित शोधायला लांब जावं लागत नव्हतं. फक्त तो संशयित कोणाचा तरी बाप असायचा आणि त्याच पैशांवर घर चालायचं, हे कळल्यावर टोळीतली मैत्री टिकते का, ते लिहा. मी तिन्हीसांजांच्या बाजूने आहे. गोडवा ठेवा, पण त्याचा हिशेब कोणी चुकता केला तेही येऊ द्या.

ट्टॉक

या चर्चेत फास्टर फेणे यायलाच हवा. भा. रा. भागवतांनी फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवन शाळेत घातला आणि त्याला सायकलवर बसवून मोकळं सोडलं, तेव्हा ते आठवणी काढत नव्हते. तो त्या वेळच्या वाचकांच्याच वयाचा आणि त्यांच्याच काळातला मुलगा होता. म्हणून त्या गोष्टींत उसासे नाहीत, वेग आहे. जुनेपणाचा लेप आपण नंतर चढवला. २०१७च्या चित्रपटाने हे ओळखलं, असं माझं मत. त्यांनी फेणेला जुन्या पुण्यात परत नेलं नाही. तरुण करून आजच्या पुण्यात आणलं, वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या घोटाळ्यात टाकलं आणि भागवतांनाच एक पात्र म्हणून शेजारी बसवलं. अनेकांना ते रुचलं नाही. मला ते योग्य वाटलं.

म्हणून माझा विरोध तिन्हीसांजा आणि पेठकर दोघांनाही आहे. बालरहस्य जुन्या काळात घडवूच नका. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला त्याच्या सोसायटीतलं रहस्य द्या. साठ वर्षांपूर्वीचा वाडा लिहिताय तो मुलांसाठी नव्हे, स्वतःसाठी.

पेठकर

ट्टॉक, कादंबरी मोठ्यांसाठी आहे हे धाग्यात पहिल्यालाच लिहिलंय. आणि स्वतःसाठी लिहिणं हा गुन्हा कधीपासून झाला? माझ्या वयाच्या माणसांचा वाडा पडला, तिथे इमारत झाली, पत्ता तोच राहिला. ती जागा आता फक्त शब्दांत उभी करता येते. ते करू द्या की आम्हाला.

खडकवासला, पुरानंतरच्या आठवड्यात उकल घडवायची ही सूचना मी उचलली. अगदी योग्य जागा आहे ती.

सावली

एरवी मी इथे नुसती वाचते. आज लिहिते, कारण माझी आजी तशाच एका बोळातून काम करायची.

तिन्हीसांजाताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही तिला साक्षीदार करताय. म्हणजे गोष्ट वाड्यातल्या मुलांचीच राहिली, गूढ त्यांचं, उकल त्यांची. माझ्या आजीने फक्त शेवटून दुसऱ्या प्रकरणात येऊन 'मी पाहिलं होतं' म्हणायचं आणि परत जायचं. आधी ती दिसत नव्हती, आता कामापुरती दिसेल. मला हे मान्य नाही.

पेठकर काका, मुलाला ठाऊक नव्हतं म्हणताय. 'तिकडे जायचं नाही' हे ठाऊक होतं ना? मग ठाऊक होतंच. ज्या मुलाला अर्धवट पुसलेल्या सायकलच्या खुणेवरून माणूस ओळखता येतो, त्याला हे एवढंच कसं कळत नाही? रहस्यकथेतला मुलगा म्हणजे सगळ्यांपेक्षा जास्त बघणारा मुलगा. तो नेमका एका दिशेला बघत नसेल, तर तो त्याचा निरागसपणा नाही, शिकवण आहे. ती शिकवण घरात कोणी आणि कशी दिली, हे मला त्या कादंबरीत वाचायचंय.

तिन्हीसांजा

सावली, हे वाचून बराच वेळ नुसती बसून होते. सांगणारी तुमच्या आजीच्या घरातली मुलगी असेल तर? बोळ तिचा, पहाट तिची आणि वाडा तिला मागच्या बाजूने माहीत.

पेठकर

ती वेगळी कादंबरी झाली. लिहावी, मी पहिला वाचेन. पण म्हणून माझ्या दहा वर्षांच्या मुलाची गोष्ट खोटी ठरत नाही. सावली, शिकवणीबद्दल तुम्ही म्हणता ते मुलाच्या तोंडी घालता येणार नाही. म्हाताऱ्या निवेदकाला मात्र एका वाक्यात सांगता येईल. तेवढंच, त्याहून जास्त मी लिहिणार नाही.

सावली

एका वाक्यात नाही, काका. एका प्रसंगात. १९५५चा अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा झालेला आहे, शाळेत तो बाईंनी वाचूनही दाखवलाय. टोळी वाड्यात पाणी प्यायला येते. सांगणारी मुलगीही टोळीत आहे. आडावर रहाट कोण ओढतं, तांब्या कोण कोणाला देतं आणि त्या वेळी तुमचा मुलगा कुठे बघत असतो, एवढंच लिहा. तुम्हाला ते लिहिता आलं नाही, तर टोळीत ती का नाही, हे तुमच्या म्हाताऱ्या निवेदकाला सांगावं लागेल. आणि माझ्या मते पुस्तकातलं खरं गूढ तेच असेल.

खडकवासला

सावली, याला एक पुरवणी. पुरानंतर पेठांमध्ये गाळ होता आणि मेलेली जनावरं. तो गाळ कोणी उपसला, याचाही त्या आठवड्याच्या प्रकरणात तपास हवा. तिथे तुमची मुलगी वाड्याच्या पुढच्या दारातून आत येते.