अनुभव धागा: वादविवादाचा पहिला सामना तुम्ही कशाने हरलात?

वक्तृत्व आणि वादविवाद पुष्कळदा एकाच दिवशी, एकाच व्यासपीठावर होतात, म्हणून पुष्कळांना ते एकच वाटतात. मलाही वाटायचे. भाषण पाठ करायचं, हात कुठे उचलायचा ते आरशासमोर ठरवायचं, शेवटी कवितेच्या दोन ओळी. वादविवादाला याच शिदोरीवर गेले आणि आपटले. आता भाचीचं नाव संघात आलंय आणि ती विचारतेय, "मावशी, सुरुवात कुठून करू?" नियम सांगता येतात, पण ते कशासाठी आहेत हे हरल्यावरच कळतं. तेव्हा तुमची पहिली हार लिहा. बक्षिसांच्या गोष्टी नकोत.

माझी आधी. विषय: 'शाळेत मोबाइलवर बंदी असावी.' बाजू अनुकूल. डोळे, झोप, अभ्यास, एकाग्रता, सगळ्यांवर मिळून पाच पानं. प्रतिकूल बाजूची मुलगी उठली आणि म्हणाली, "मोबाइलने नुकसान होतं हे आम्हालाही मान्य आहे. बंदी घातल्यावर ते कसं थांबतं, तेवढंच सांगा." माझ्या पाच पानांत 'बंदी' हा शब्द एकदाच होता, पहिल्या ओळीत. तेव्हापासून विषय हातात आला की आपल्याला नेमकं काय सिद्ध करायचंय, त्या शब्दाखाली आधी रेघ मारते.

*

कॉलेजात चार वर्षं ब्रिटिश पार्लमेंटरी पद्धतीत बोललो. नवख्यांसाठी थोडक्यात: चार संघ, प्रत्येकी दोन वक्ते, दोन संघ सरकार पक्षाचे, दोन विरोधी. विषय जाहीर झाल्यावर तयारीला 15 मिनिटं आणि बोलायला प्रत्येकी 7. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या पाच मिनिटांत समोरचे उभे राहून प्रश्न विचारू शकतात. यालाच पीओआय (पॉइंट ऑफ इन्फर्मेशन) म्हणतात. तो स्वीकारायचा की हाताने खाली बसवायचं, हे बोलणाऱ्याच्या हातात.

मी पहिल्या सामन्यात चार स्वीकारले. नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटलं! प्रत्येकाचा प्रश्न दहा-पंधरा सेकंदांचा, माझं उत्तर मात्र मिनिटभराचं. तिसरा मुद्दा सुरू केला आणि सहाव्या मिनिटाची घंटा वाजली. माझ्या संघातला तोच सगळ्यात भक्कम मुद्दा होता, आणि जोडीदार पुढचे दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. एक किंवा दोन घ्यावेत, तेही आपलं वाक्य पुरं करून. एकही न घेणं मात्र पळपुटेपणा दिसतो आणि परीक्षक ते टिपतात.

*

मी मुलांची तयारी करून घेते. हार माझी नाही, माझ्या विद्यार्थ्याची, पण दोष माझा. 'परीक्षा रद्द कराव्यात' हा विषय. मुलगा म्हणाला, "परीक्षा रद्द केल्या की ताण कमी होईल," आणि पुढच्या मुद्द्यावर गेला. मीच त्याला मुद्दे जास्त हवेत असं सांगितलं होतं. त्याचे आठ झाले, समोरच्यांचे दोनच, आणि ते दोन जिंकले.

आता मी वहीत एकच मुद्दा लिहायला लावते आणि त्याखाली 'का?' विचारते. परीक्षा नसेल तर ताण का कमी होईल? कारण वर्षभराचा निकाल तीन तासांवर अवलंबून राहणार नाही. बरं, मग तो कशावर अवलंबून राहील? रोजच्या कामावर. म्हणजे ताण रोजचा झाला की! इथे मुलं गप्प होतात, आणि खरी तयारी इथूनच सुरू होते. 'का?' दोनदा विचारल्यावरही उभा राहिला तर तो मुद्दा. मग शेवटी 'बरं मग?', म्हणजे हे खरं असलं तरी आपली बाजू त्याने जिंकते का? या चाळणीतून आठातले तीन उरतात. तीन पुरतात.

*

कागद! कुणी लिहिलंच नाही अजून. आडवा कागद घ्यायचा, घड्या घालून प्रत्येक वक्त्याला एक उभा रकाना. आपलं निळ्या शाईने, त्यांचं लाल शाईने. त्यांनी मुद्दा मांडला की आपल्या उत्तराकडे बाण. ज्या लाल ओळीतून बाण निघत नाही, तो मुद्दा अनुत्तरित. परीक्षकाच्या कागदावरही साधारण असंच काहीतरी चाललेलं असतं, आणि अनुत्तरित मुद्दा तो सहसा त्यांच्या पारड्यात टाकतो. मी पहिल्या वेळी काहीच लिहून घेतलं नव्हतं. समोरचा बोलत असताना स्वतःचं भाषण मनात घोकत बसले होते.

*

परीक्षक म्हणून बसतो, त्यामुळे दुसऱ्यांच्या हारी भरपूर पाहिल्यात. स्वतःची सांगतो. वर्ल्ड स्कूल्स या शालेय वादविवादाच्या पद्धतीत प्रत्येक संघाचे तीन वक्ते 8-8 मिनिटं बोलतात आणि मग प्रत्येक संघाचं 4 मिनिटांचं समारोपाचं भाषण. ते पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं, आणि विरोधी पक्ष आधी बोलतो. त्यात नवा मुद्दा चालत नाही, कारण समोरच्याला उत्तर द्यायला वेळच उरलेला नसतो. मला ऐन वेळी एक झकास युक्तिवाद सुचला आणि मी तो तिथे ठोकला. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. ते पेन मला अजून दिसतं. त्या चार मिनिटांत सांगायचं एवढंच, की वाद नेमका कुठे अडला होता आणि तिथे आमचं पारडं जड का.

*

वरच्या बऱ्याच चुकांना आपल्याकडे जुनी नावं आहेत. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, वादात हार ठरवणारी 22 निग्रहस्थानं दिली आहेत. विषय सोडून भलतंच बोलणं ते अर्थान्तर (मोबाइलची पाच पानं!), उत्तरच न सुचणं ती अप्रतिभा, तेच तेच बोलणं ते पुनरुक्त. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडत राहणं ती वितंडा; ती निग्रहस्थानांत नाही, वादाचा वेगळा प्रकार म्हणून येते. 'वितंडवाद घालू नकोस' हे लहानपणी ऐकलं नसेल असा वादपटू भेटायचाय.

माझी हार याच जातीची. प्रतिकूल बाजूने बोलताना मी समोरच्यांचा एकेक मुद्दा पाडला आणि समाधानाने बसलो. परीक्षक म्हणाले, "त्यांचं चुकलं हे कळलं. तुमचं काय?"

*

थोडा विरोधी सूर. आपल्याला न पटणाऱ्या बाजूने ठासून बोलायला शिकवणं मला बराच काळ खटकायचं. मुलगी घरी येऊन कशाचंही समर्थन करायची. पुढे एका सामन्याला नाणेफेकीत तिला तिच्या मताविरुद्धची बाजू मिळाली, ती हरली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या स्वतःच्या मतात एक भोक सापडलंय." खटकणं कमी झालंय. गेलंय असं नाही.

*

सात मिनिटांचं भाषण. दोन मिनिटं दहा सेकंदांत संपलं. उरलेला वेळ पोडियम धरून उभी होते, कारण खाली बसता येतं हे मला माहीतच नव्हतं.

*

धागाकर्ती: सगळं भाचीला वाचून दाखवलं. शेवटच्या अनुभवावर ती हसली नाही, घड्याळ लावून उभी राहिली. तीन मिनिटं चाळीस सेकंद. कागदाला घड्या घातल्यात, लाल पेन माझं पळवलंय. तिचा एकच प्रश्न शिल्लक आहे: शेवटी कवितेच्या दोन ओळी अजिबातच नाहीत का? परीक्षक म्हणून बसणाऱ्यांनी उत्तर द्यावं.