जलपर्णीतली मरळ आणि बासचं सामान

विषय: पुण्यात मरळ – इथलं सामान चालेल का?

नमस्कार मंडळी,
डिसेंबरात पुण्याला येतोय. इथे न्यू जर्सीत गवताळ तळ्यांतल्या बास माशासाठी जे वापरतो तेच आणायचा विचार आहे: सात फुटी हेवी रॉड, ५० पौंडी ब्रेडेड (विणलेल्या धाग्याची) लाइन, पोकळ रबरी फ्रॉग (बेडकासारखं आमिष). जलपर्णीत मरळीला हे चालेल का? पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा पारदर्शक धागा) लावू का? आणि एवढी लांब काठी विमानात कशी आणायची?
– न्यू जर्सीहून

*

दादा,
सामान चालेल. फ्रॉग मात्र पाच सेंटिमीटरच्या आतले आणा, बासचे मोठे नकोत. आणि फ्रॉगवर घरीच थोडं काम करून ठेवा.

दोन्ही गळ पकडीने अगदी किंचित बाहेर वाकवा. मरळीचं तोंड हाडाचं, कडक. गळ अंगालगत चिकटून असला तर ती फ्रॉग दाबून धरते आणि काठाजवळ येऊन सोडून देते. जास्त वाकवला तर तो प्रत्येक पानात अडकणार. फ्रॉग जुन्या टॉवेलवरून ओढून बघा: अधूनमधून धागा धरला तर ठीक, दर वेळी धरला तर परत आत घ्या. रबरी शेपट्या दोन-अडीच सेंटिमीटर कापा, नाहीतर मासा नुसती शेपटी ओढतो.

आता जलपर्णी. तुमच्याकडे कमळाच्या पानांवरून फ्रॉग सरकवत आणता, तसं इथे जमत नाही. जलपर्णीची पानं पाण्यावर वीतभर किंवा त्याहूनही उंच उभी असतात, फ्रॉग देठांच्या बेचक्यात जाऊन बसतो. वरून ओढायच्या भानगडीत न पडता कडा आणि मधली उघडी भोकं धरा. वाऱ्याने सगळा थर सरकतो. सकाळचं भोक दुपारी बुजलेलं असतं.

भोक कुठलं निवडायचं ते मरळच सांगते. ती वरची हवा घेते, त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने पृष्ठभागावर येते. हलकासा 'पुळुक' आवाज आणि बुडबुडे दिसले की त्याच्या हात-दीड हात पलीकडे फ्रॉग टाका, हळूच त्या जागेवर आणा आणि थांबवा. डोक्यावरच आपटला तर ती खोल जाते. दाट गवताने रात्रभर पाण्यातला प्राणवायू ओढलेला असला की पहाटे बास मंद असतो; मरळीला त्याचं काही नाही. पण डिसेंबरात पुण्याची थंडी तिला मानवत नाही. पहाटे उठून कुडकुडू नका, अकरा ते चार ही वेळ धरा.

लीडर नको. फ्लुरोकार्बन बुडतो, फ्रॉगचं नाक खाली खेचतो, आणि जोडाची गाठ गवतात अडकते. लाइन थेट पालोमार गाठीने बांधा. प्रत्येक माशानंतर शेवटचा फूटभर भाग बोटांनी तपासा, खरखरीत लागला तर कापून नवी गाठ मारा.

एक सवय मात्र तिकडेच ठेवून या. बासचा खालचा जबडा अंगठ्याने धरता ना? मरळीला दात आहेत, चांगले धारदार. मासा धरायचा ग्रिपर आणि लांब नाकाची पक्कड हवीच.
– कोथरूडहून

*

काकांचं सगळं मान्य, एक भर. हिसका मारायची घाई बासलाही नडते, मरळीलाही. पाणी फुटल्याचा आवाज आला की हात आपोआप उठतो आणि फ्रॉग रिकामा परत येतो. रॉडचं टोक खाली करा, ढील गुंडाळा, वजन जाणवलं की मगच वर जोरात ओढा. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) पूर्ण घट्ट. रिळावर आधी थोडं तंगूस (साधी नायलॉनची लाइन) गुंडाळून त्यावर ब्रेडेड भरा, नाहीतर जोर पडल्यावर सगळी लाइन रिळावरच गोल फिरते. अडकलेला फ्रॉग सोडवताना लाइन हाताला गुंडाळू नका, मांस कापते.

सात फुटी अखंड काठी म्हणजे २१३ सेंटिमीटर. नेहमीच्या बॅगेची लांबी-रुंदी-उंची मिळून मर्यादा १५८, तेव्हा दोन तुकड्यांचीच आणा. गळ चेक-इन सामानात.
– डॅलसहून

*

धन्यवाद काका, ताई. मरळ जलपर्णीच्या मुळांत घुसली तर? आणि जायचं कुठे? उजनी?
– न्यू जर्सीहून

*

घुसू दे. कमळ मातीत रुजलेलं असतं, तिथे लाइनने देठ कापत यावं लागतं. जलपर्णी तरंगती आहे. झटके न देता सलग ताण ठेवलात की मासा गड्ड्यासकट काठाला येतो. झटक्याने गळाचं छिद्र मोठं होतं आणि मासा सुटतो.

भिगवणकडचं उजनीचं पाणी चांगलं, पण धरणातल्या मासेमारीचे हक्क आधीच दिलेले असू शकतात; आधी तिथल्या मच्छीमारांना विचारा. प्लॅस्टिकच्या बाटल्या ओळीने तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे, तिथे फ्रॉग टाकायचा नाही. हिवाळ्यात रोहित पक्षी असतात, त्यांच्या बाजूचा काठ सोडा. पाणी ओसरलेल्या जागी सुकलेल्या जलपर्णीवर पाय देऊ नका, खाली मांडीभर चिखल असू शकतो. आणि शहरातल्या मुळा-मुठेत गळ टाकलात तरी तो मासा खायला घरी आणू नका, पाण्यात सांडपाणी आहे.

पावसाळ्यात आलात तर लालसर पिल्लांचा थवा दिसेल. खाली आई-बाप राखण करतात आणि फ्रॉगवर हमखास येतात. पण ते उचलले की बाकीचे मासे पिल्लांना फस्त करतात, म्हणून तिथे टाकू नये.
– कोथरूडहून